पहिले सोळा आठवडे : डुकरांच्या पोषणसंशोधनाचा इतिहास

पिल्लाला लहानपणी मिळालेल्या खाण्याचा त्याच्या पुढच्या वाढीवर किती आणि कसा परिणाम होतो, हा प्रश्न पशुपालनाइतकाच जुना असला, तरी वजनकाटा, मोजपट्टी आणि सुरी हाती घेऊन तो चिकाटीने विचारला गेला तो डुकराच्या बाबतीत, आणि त्यामागचे पहिले कारण शास्त्रीय नसून व्यापारी होते. बेकन म्हणजे डुकराच्या पाठीचे व बरगडीलगतचे, मिठात मुरवलेले मांस. इंग्लंडच्या न्याहारीत या पदार्थाला मिळालेल्या स्थानामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर समुद्राच्या पलीकडच्या डेन्मार्कची शेती पार बदलून गेली. शेतकऱ्याला जनावर लवकर वजनाला यायला हवे होते, तर गिऱ्हाइकाला पाठीवर चरबीचा जाड थर नको होता. या दोन्ही अपेक्षा एकाच डुकराने पुऱ्या करायच्या, तर त्याला कोणत्या वयात किती खाऊ घालायचे, याचा हिशेब मांडणे भाग होते.

डेन्मार्कने हा हिशेब मांडला तो अडचणीतून. अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्यामुळे डॅनिश शेतकऱ्याला धान्य विकून पोट भरणे कठीण झाले होते, म्हणून तो धान्य जनावरांना घालून लोणी विकू लागला. १८८२ मध्ये येडिंग या गावी देशातली पहिली सहकारी दूधडेअरी उभी राहिली आणि साय वेगळी काढणाऱ्या यंत्रामुळे लोण्याचे उत्पादन झपाट्याने वाढले. त्याबरोबरच साय काढलेल्या पातळ दुधाचा मोठा साठा रोज शेतकऱ्याच्या दारी परत येऊ लागला. स्निग्धांश निघून गेलेल्या, पण प्रथिने शाबूत असलेल्या या दुधाचे काय करायचे, याचे उत्तर डुक्कर हेच होते. १८८७ मध्ये जर्मनीने जिवंत डॅनिश डुकरांना आपली सीमा बंद केली, तेव्हा हमखास बाजारपेठ एका फटक्यात गेली. त्याच वर्षी हॉर्सेन्स येथे पहिला सहकारी बेकन कारखाना सुरू झाला, आणि जर्मनांना हवे असलेले चरबीदार डुक्कर सोडून इंग्रजांना हवे असलेले लांब अंगाचे, कमी चरबीचे डुक्कर तयार करण्याकडे सगळा देश वळला. त्याच दशकात कोपनहेगनच्या शेतकी महाविद्यालयातील नील्स योहानेस फ्योर्ड यांनी डुकरांचे गट पाडून एका गटाला धान्य, दुसऱ्याला साय काढलेले दूध, तिसऱ्याला चीज करताना उरणारे पाणी अशा निरनिराळ्या प्रमाणांत खाद्य देऊन वजनवाढ मोजण्याची पद्धत बसवली. एक पशू पाहून मत बनवण्याऐवजी सारख्या गटांची तुलना करावी, हा आज साधा वाटणारा विचार पशुखाद्याच्या क्षेत्रात रुजला तो अशा प्रयोगांतून.

१९०७ पासून डेन्मार्कमध्ये डुकरांची चाचणी केंद्रे सुरू झाली. एका वेतातील चार पिल्ले केंद्रावर आणायची, त्यांना ठरावीक खाद्यावर सुमारे ९० किलोपर्यंत वाढवायचे आणि मग कापून अंगाची लांबी व पाठीवरच्या चरबीची जाडी मोजायची, अशी ही व्यवस्था होती. ज्या नर-मादीची संतती चांगली निघेल, त्यांची पैदास पुढे चालवायची. आनुवंशिक गुणांची पारख म्हणून ही पद्धत उत्तम होती, तरी तिच्यात एक गृहीतक दडलेले होते, ते असे की पिल्लू केंद्रावर येण्यापूर्वी आईच्या अंगावर किती पोसले गेले, ही गोष्ट पुढच्या तुलनेत दुर्लक्ष करण्याजोगी आहे. मोजणी सुरू व्हायची ती दूध तुटल्यानंतर, त्यामुळे त्याआधीचे आठवडे वहीबाहेरच राहत. खाद्याचा सर्वांत बारकाईने विचार करणाऱ्या देशाने पिल्लाच्या आयुष्याचा सर्वांत नाजूक काळ असा मोकळा सोडावा, हे विचित्र खरे. पण आनुवंशिकता शोधणाऱ्याला पोषणाचा प्रभाव हा अडथळाच वाटतो.

प्रयोगशाळांमध्ये मात्र नेमका हाच काळ वादाचा विषय झाला होता. अमेरिकेतील मिसुरी येथे एच. जे. वॉटर्स यांनी १९०८ मध्ये दाखवले की वासरांना वजन वाढू नये इतपतच खाद्य दिले, तरी त्यांचा सांगाडा वाढत राहतो. काट्यावरचा आकडा स्थिर असतो, पण जनावर उंच आणि रोड होत जाते. याचा अर्थ असा की वजन ही वाढीची खूण म्हणून अपुरी आहे. त्यानंतर थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून १९१४-१५ च्या सुमारास असे मांडले की दीर्घकाळ खुंटवून ठेवलेला उंदीरही पुरेसे अन्न मिळताच पुन्हा वाढू लागतो आणि पूर्ण आकार गाठू शकतो, म्हणजे वाढण्याची क्षमता उपासाने संपत नाही, फक्त थांबून राहते. १९२० मध्ये जॅक्सन आणि स्टुअर्ट यांनी त्याच प्राण्यावर नेमके उलट दाखवले. त्यांचे उंदीर जन्मापासूनच अर्धपोटी होते आणि पुढे कितीही खाऊ घातले तरी ते लहानच राहिले. दोन्ही प्रयोग नीट केलेले होते. फरक होता तो उपास कोणत्या वयात घडला यात, परंतु या फरकाचे महत्त्व ओळखले जायला आणखी बराच काळ जावा लागला.

डुकराच्या संदर्भात हा धागा उचलला केंब्रिजने. तेथील शेतकी विभागात जॉन हॅमंड (१८८९-१९६४) यांनी मेंढ्यांचे अभ्यास करून असा सिद्धान्त मांडला होता की शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने वाढत नाहीत. प्रथम मेंदू आणि मज्जासंस्था, मग हाडे, मग स्नायू आणि सर्वांत शेवटी चरबी, असा वाढीचा क्रम असतो, आणि प्रत्येक ऊतीच्या, म्हणजे एकाच प्रकारच्या पेशींच्या समूहाच्या, वाढीला एक ऐन भराचा काळ असतो. हॅमंड यांनी हे समजावण्यासाठी काढलेली आकृती पुढे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापली गेली. त्या आकृतीत रक्तप्रवाहातून निघणारे बाण दाखवले आहेत, मेंदूकडे चार, हाडाकडे तीन, स्नायूकडे दोन आणि चरबीकडे एक. अन्न कमी पडले की प्रत्येक ठिकाणचा एकेक बाण पुसायचा. मग चरबीकडे एकही उरत नाही, स्नायूकडे एक उरतो आणि मेंदूकडे अजूनही तीन असतात. टंचाईची झळ सर्वांना सारखी लागत नाही, जो शेवटी वाढतो तो पहिल्यांदा भरडला जातो, असा या आकृतीचा आशय होता. ती अतिसुलभ होती, हे हॅमंड यांच्या वारसदारांनीही पुढे कबूल केले, पण तिच्यामुळे प्रश्न नेमका झाला.

तो प्रश्न घेऊन कॅम्पबेल पर्सी मॅकमीकन हे न्यूझीलंडचे तरुण अभ्यासक १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॅमंड यांच्याकडे आले. ब्रिटनमध्ये त्या वेळी बेकनचा प्रश्न राजकीय झाला होता. डॅनिश माल बाजारात वरचढ ठरत होता, म्हणून आयातीवर मर्यादा घालून देशी उत्पादकांना संरक्षण दिले गेले, १९३३ मध्ये डुकरांच्या विक्रीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि पाठीवरच्या चरबीच्या जाडीवरून प्रत लावून त्याप्रमाणे भाव देण्याची पद्धत आली. ज्याच्या डुकराची चरबी जाड, त्याला भाव कमी, असे चित्र निर्माण झाल्यावर शेतकऱ्याला चरबी कशाने वाढते हे जाणून घेण्यात एकाएकी रस वाटू लागला. मॅकमीकन यांनी १९४० आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेली संशोधनमाला या व्यावहारिक गरजेतून आली असली, तरी तिची आखणी कोणत्याही व्यापारी चाचणीपेक्षा फार काटेकोर होती.

त्यांनी जन्मापासून २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, या कत्तलीच्या वजनापर्यंतचे डुकराचे आयुष्य सोळाव्या आठवड्याच्या रेषेने दोन भागांत विभागले. प्रत्येक भागात पोषणाची पातळी एक तर उंच किंवा खालची ठेवायची, म्हणजे एकूण चार गट होतात : दोन्ही काळांत भरपूर खाल्लेले, दोन्ही काळांत अर्धपोटी राहिलेले, आधी भरपूर व नंतर कमी खाल्लेले, आणि आधी कमी व नंतर भरपूर खाल्लेले. या मांडणीतला खरा कसबीपणा असा की खाद्याचा प्रकार बदलला नाही, फक्त त्याचे प्रमाण बदलले. आणि हे प्रमाणही अंदाजाने ठरवले नाही. प्रत्येक गटाने वाढीची कोणती रेषा गाठायची, हे आधीच कागदावर आखून ठेवले होते, जनावरांचे वजन वारंवार घेतले जाई आणि रेषेच्या वर जाणाऱ्याचे खाद्य कमी, खाली राहणाऱ्याचे जास्त, असे एकेका डुकरासाठी ठरवले जाई. शेवटी चारही गटांतली डुकरे एकाच वजनाची झाली की त्यांना कापून धडाचा प्रत्येक भाग हाड, स्नायू आणि चरबी असा सुरीने वेगळा करून तोलला गेला. अशा एका धडाच्या विच्छेदनाला किती वेळ आणि किती चिकाटी लागत असेल, याची कल्पना केली म्हणजे या आकड्यांना पुढे इतकी किंमत का आली, ते उमगते.

वजन एकच असूनही ही चार प्रकारची डुकरे आतून वेगवेगळी निघाली. आधी भरपूर आणि नंतर कमी खाल्लेल्या डुकराच्या धडात चरबी सुमारे ३३ टक्के होती. आधी कमी आणि नंतर भरपूर खाल्लेल्यात ती सुमारे ४४ टक्के भरली. स्नायूचे प्रमाण याच्या उलट, पहिल्यात सुमारे ४५ टक्के, तर दुसऱ्यात ३६ टक्के. दोन्ही काळांत भरपूर खाल्लेले डुक्कर या दोहोंच्या मध्ये पडले, आणि दोन्ही काळांत अर्धपोटी राहिलेले डुक्कर सर्वांत कमी चरबीचे निघाले, पण त्याला वजन गाठायला इतका काळ लागला की व्यापाराच्या दृष्टीने ते निरुपयोगीच होते. लहानपणी उपाशी राहिलेल्या डुकरांचे डोके व पाय शरीराच्या मानाने मोठे दिसत आणि पाठीचा पुठ्ठ्याकडचा मांसल भाग, ज्याला बाजारात सर्वांत जास्त भाव, तो मात्र उथळ राहत असे. हॅमंड यांच्या सिद्धान्ताशी हे सगळे जुळत होते : स्नायूंच्या भराच्या काळात अन्न मिळाले नाही, पुढे मिळाले तेव्हा चरबीच्या भराचा काळ चालू होता, म्हणून ते अन्न चरबीच्या वाट्याला गेले.

या निष्कर्षातून गोठ्यासाठी एक साधा नियम निघाला, तो असा की पिल्लाला सोळा आठवड्यांपर्यंत हात आखडता न घेता खाऊ घालावे आणि नंतर लगाम आवळावा. बेकन उत्पादकांना तो पटण्याजोगा होता, पण त्याला लगेच पाळणारे कोणी नव्हते, कारण तोवर युद्ध सुरू झाले होते, आयात धान्य बंद झाले होते आणि ब्रिटनमधल्या डुकरांची संख्या युद्धकाळात निम्म्याहून खाली आली. मॅकमीकन स्वतः न्यूझीलंडला परतले आणि १९४३ पासून रुआकुरा येथील पशुसंशोधन केंद्राचे प्रमुख झाले, जिथे त्यांचे नाव झाले ते डुकरांमुळे नव्हे, तर गवत आणि दूध यांच्या अर्थशास्त्रामुळे. केंब्रिजमधल्या त्या चार गटांनी मात्र पाठ्यपुस्तकांत कायमचे घर केले. उंच-उंच, उंच-खाली, खाली-उंच, खाली-खाली ही चौकट पशुविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केली.

पाठ केलेल्या गोष्टी सहसा तपासल्या जात नाहीत, पण ही तपासली गेली. १९६४ मध्ये ॲबर्डीनजवळच्या रोवेट संशोधन संस्थेतील एल्स्ली, मॅकडोनाल्ड आणि फाउलर यांनी मॅकमीकन यांचेच आकडे पुन्हा हाती घेतले आणि एक सोपा बदल केला : चरबी हिशेबातून वगळली. चरबीविरहित धडाच्या वजनाशी तुलना केल्यावर चारही गटांतील स्नायू आणि हाड यांचे परस्परप्रमाण जवळपास सारखेच निघाले. म्हणजे लहानपणच्या उपासाने स्नायूंची चौकट बिघडली होती, असे म्हणायला फारसा आधार उरला नाही. बदलली होती ती मुख्यतः चरबी. शिवाय, आधी उपाशी राहून नंतर भरपूर खाल्लेले डुक्कर शेवटच्या काळात झपाट्याने वाढले होते, आणि झपाट्याने वाढणाऱ्या मोठ्या डुकरात चरबी साठणे स्वाभाविक असल्याने त्या चरबीचा दोष पूर्वीच्या उपासाचा की नंतरच्या मेजवानीचा, हे मूळ मांडणीतून वेगळे काढता येत नव्हते. मॅकमीकन यांची मोजमापे चुकली नव्हती. एकूण वजनाला समान धरल्यामुळे तुलनेचा पायाच चरबीने हलवला होता. वॉटर्स यांनी १९०८ मध्ये वजनाबद्दल दिलेला इशारा असा अर्ध्या शतकानंतर पुन्हा खरा ठरला.

या वादात एक गोष्ट मात्र मागे पडली होती, ती म्हणजे सोळा आठवडे हा पिल्लाच्या आयुष्यातला एकसंध काळ नाही. डुकराचे पिल्लू दीड किलोच्या आत वजन घेऊन जन्माला येते आणि नीट पोसले गेले तर आठ आठवड्यांत पंधरा किलोंच्या पुढे जाते. गाय, मेंढी किंवा मनुष्य यांच्या अपत्यांत अशी वाढ आढळत नाही. त्यातही पहिला दिवस वेगळा. डुकरिणीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात जात नाहीत, त्यामुळे ती सगळी पिल्लाला पहिल्या चिकातूनच मिळवावी लागतात, आणि ती जशीच्या तशी शोषून घेणारी आतड्याची वाट साधारण दीड दिवसात बंद होते. एल्सी विडोसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले की चीक प्यायलेल्या पिल्लाच्या आतड्याचे वजन पहिल्या चोवीस तासांतच लक्षणीय वाढते, तर उपाशी ठेवलेल्या भावंडात असे घडत नाही. जन्मानंतर दुसऱ्या दिवशीच ही दोन पिल्ले वाढीच्या वेगवेगळ्या वाटांवर असतात.

हा पहिला घास मिळवणेही सोपे नसते. डुकरिणीला बारा-चौदा सड असतात, पण पान्हा सुमारे तासातासाने येतो आणि दूध प्रत्यक्ष वाहते ते जेमतेम वीस सेकंद. जे पिल्लू त्या क्षणी सडाला लागलेले नाही, त्याला पुढच्या तासापर्यंत थांबावे लागते. म्हणून पहिल्या काही दिवसांत पिल्ले आपापसांत भांडून सड वाटून घेतात आणि मग प्रत्येक पिल्लू शेवटपर्यंत आपल्याच सडाशी जाते. एडिंबरोच्या एच. पी. डॉनल्ड यांनी १९३७ मध्ये दर पाजण्याआधी व नंतर पिल्लांना तोलून दाखवले की कोणत्या पिल्लाला किती दूध मिळते आणि ते किती वाढते, यांचा घनिष्ठ संबंध आहे. जन्मतः लहान असलेले पिल्लू मागच्या, कमी दुधाच्या सडांकडे ढकलले जाते आणि वेतातली दरी दिवसेंदिवस रुंदावते. खुरटे पिल्लू म्हणजे जात्याच कमअस्सल, ही गोठ्यातली जुनी समजूत निदान काही अंशी या सडांच्या वाटणीनेच खोटी ठरवली.

दुसरी उणीव होती लोहाची. मातीत उकरणाऱ्या पिल्लाला लोह आपोआप मिळते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीस पिल्ले सिमेंटच्या फरशीवर वाढवली जाऊ लागली, तेव्हा दोन-तीन आठवड्यांची गुबगुबीत पिल्ले फिकट पडून धापा टाकत मरू लागली. १९२३ मध्ये ॲबर्डीन येथे मॅकगोवन आणि क्राइक्टन यांनी हा रक्तक्षय लोहाच्या अभावाचा असल्याचे दाखवले. पिल्लाला रोज साधारण सात मिलिग्रॅम लोह लागते आणि आईच्या दुधातून मिळते जेमतेम एक, त्यामुळे जे पिल्लू जास्त वेगाने वाढते तेच आधी अडचणीत येते. कोपऱ्यात माती टाकणे, सडांना लोहाचे द्रावण लावणे असे उपाय तीस वर्षे चालले, आणि १९५० च्या दशकात लोहाचे इंजेक्शन आल्यावर ही तक्रार बहुतेक ठिकाणी मिटली.

दूध केव्हा तोडायचे, हा प्रश्न इतका सहज मिटला नाही. आठ आठवड्यांनी पिल्ले आईपासून वेगळी करण्याची रीत होती, पण डुकरिणीचे दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच शिखर गाठून उतरू लागते, आणि पिल्लांची भूक मात्र वाढतच असते. ही तूट भरून काढण्यासाठी जिथे फक्त पिल्लूच शिरू शकेल अशा आडोशात कोरडे खाद्य ठेवण्याची युक्ती निघाली, आणि मग आईचे दूध आणखी लवकर तोडता येईल का, असा विचार सुरू झाला. आयोवा येथे डेमन कॅट्रन यांनी १९५० च्या दशकात काही आठवड्यांच्या पिल्लांसाठी दुधाची भुकटी, साखर आणि जीवनसत्त्वे घातलेली खाद्ये तयार केली. त्या निमित्ताने पिल्लाच्या पचनाचा अभ्यास झाला आणि कळले की जन्माच्या वेळी दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य भरपूर असते, तर स्टार्च आणि उसाची साखर पचवणारी द्रव्ये हळूहळू, काही आठवड्यांत तयार होतात. म्हणून पहिल्या आठवड्यात उसाची साखर पाजलेले पिल्लू हगवणीने मरू शकते, पण पाचव्या आठवड्यात धान्य खाऊ शकते. याच दशकात खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा पसरली. थॉमस जूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड यांनी कोंबड्यांच्या पिल्लांत तिचा वाढीवरचा परिणाम दाखवल्यानंतर, १९५० पासून ती डुकरांतही शिरली आणि युरोपीय संघाने २००६ मध्ये वाढीसाठीच्या अशा वापरावर बंदी घालेपर्यंत लवकर दूध तोडण्याचे अनेक दोष तिने झाकून ठेवले. आज युरोपीय संघात साधारणपणे २८ दिवसांआधी पिल्लाला आईपासून तोडता येत नाही.

डुकराच्या बालपणाचा सर्वांत टोकाचा प्रयोग मात्र मांसाच्या व्यापारासाठी झालाच नाही. केंब्रिजमधील वैद्यकीय संशोधक रॉबर्ट मॅकन्स (१८९८-१९९३) आणि विडोसन (१९०६-२०००) यांनी युद्धानंतर १९४६ ते १९४९ या काळात जर्मनीतील वुपर्टाल शहरात उपासमारीचा अभ्यास केला होता, आणि लहानपणी उपाशी राहिलेले मूल पुढे काय गमावते हा त्यांचा प्रश्न होता. मुलांवर असा प्रयोग करणे अशक्य, म्हणून मॅकन्स यांनी डुकराची पिल्ले घेतली. सुमारे दहा दिवसांची असल्यापासून त्यांना फक्त जगण्यापुरते खाद्य देऊन वर्षभर पाच-सहा किलोंवर रोखून धरले गेले, जेव्हा त्यांची भावंडे त्या वयात शंभर किलोंच्या पुढे गेलेली होती. अंगावर लांब केस, मोठे डोके, पातळ भिंतींची हाडे आणि थंडीने सतत कुडकुडणारे शरीर असे हे जनावर वर्षाचे होऊनही पिल्लूच दिसत असे. या प्रयोगांतल्या क्रौर्याबद्दल आजचा वाचक अस्वस्थ होईल, आणि ते योग्यही आहे. आजच्या नियमांत अशा प्रयोगाला परवानगी मिळणे कठीण.

वर्षानंतर या डुकरांना पोटभर खाऊ घालायला सुरुवात झाली आणि ती विलक्षण वेगाने वाढू लागली, तेव्हा क्षणभर ऑस्बोर्न आणि मेंडेल यांचेच बरोबर होते असे वाटले असेल. परंतु १९६७ मध्ये लिस्टर आणि मॅकन्स यांनी दिलेल्या अखेरच्या अहवालात वेगळेच चित्र होते. ही डुकरे आपल्या धष्टपुष्ट भावंडांच्या आकाराला पोहोचण्यापूर्वीच, ज्या वयात डुकराची वाढ एरवी थांबते त्याच वयात वाढायची थांबली. वाढ अंगाच्या आकाराच्या वेळापत्रकाने चालत होती, पण तिचा शेवट मात्र वयाच्या वेळापत्रकाने आला, आणि उपासात गेलेले वर्ष परत मिळाले नाही. जे वजन त्यांनी भरून काढले, त्यात चरबीचा वाटा भावंडांपेक्षा जास्त होता. दात आणि जबडा यांची गोष्ट तर डोळ्यांना दिसणारी होती : उपासाने जबडा खुंटला, पण दात त्या मानाने कमी खुंटले, त्यामुळे दातांना जबड्यात जागा पुरेना आणि ते वाकडेतिकडे, एकमेकांवर चढलेले उगवले, नंतर भरपूर खाऊनही ही गर्दी दुरुस्त झाली नाही. मेंदूला शरीराच्या मानाने झळ कमी लागली होती, पण तोही पूर्णपणे सुटला नव्हता, म्हणजे हॅमंड यांच्या आकृतीतले मेंदूकडचे बाण तिथपर्यंत पोहोचले, तरी सगळे पोहोचले नव्हते.

जॅक्सन आणि ऑस्बोर्न यांच्या निष्कर्षांतला विरोध या डुकरांनी वयाच्या आधारे सोडवला, असे म्हणता येते. दूध तुटल्यावर उपास घडला, तर भरपाई बहुतांशी होते. दूधपित्या वयात घडला, तर ती अपुरी राहते. विडोसन आणि मॅकन्स यांनी १९६० मध्ये उंदरांच्या लहान-मोठ्या वेतांवर केलेला प्रयोगही याच दिशेचा होता : तीन पिल्लांच्या वेतात वाढलेला उंदीर पंधरा-वीस पिल्लांच्या वेतातल्यापेक्षा मोठा झाला आणि दूध तुटल्यावर दोघांना हवे तेवढे खाऊ दिले, तरी तो मोठाच राहिला.

पुढे डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या जुन्या जन्मनोंदी तपासून कमी वजनाने जन्मलेल्यांत उतारवयात हृदयविकार अधिक आढळतो असे मांडले, तेव्हा या जुन्या पशुप्रयोगांकडे वैद्यकाचे लक्ष पुन्हा वळले. महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध येतो तो येथे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि २००३ मध्ये तेथील बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याकडच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्रज बाळांचे ३.५ किलो, पण वजनात इतका फरक असूनही पुण्याकडच्या बाळांच्या पाठीच्या वरच्या भागातील, खांद्याच्या पात्याखालची चरबी त्या मानाने फारशी घटली नव्हती, घटले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. हडकुळे दिसणारे हे बाळ आतून तुलनेने चरबीदार होते.

हे चित्र पाहून मॅकमीकन यांचे आधी उपाशी, मग भरपूर खाल्लेले डुक्कर आठवावे, हे सहज घडते, पण येथे थांबून पाहणे आवश्यक आहे. डुकरात उपासाची झळ पहिल्यांदा चरबीला लागते, बाळात मात्र चरबीच वाचली. या दोन निरीक्षणांचा मेळ बसवायचा तर विडोसन यांच्याच १९५० मधल्या एका लहानशा निबंधाकडे जावे लागते, ज्यात त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या नवजात पिल्लांच्या शरीराचे रासायनिक विश्लेषण दिले आहे. मनुष्याच्या नवजात बाळाच्या वजनात चरबी सुमारे १६ टक्के असते, तर डुकराच्या पिल्लात जेमतेम १ टक्का. मनुष्यात चरबी गर्भातच, शेवटच्या महिन्यांत साठते. डुकरात ती जन्मानंतर, दूध पिताना साठते. त्यामुळे आईच्या पोटातील टंचाई आणि गोठ्यातील टंचाई या दोन प्राण्यांच्या वाढीत वेगवेगळ्या टप्प्यांवर येऊन पडतात, आणि जन्म हा टप्पा दोघांत समान धरून तुलना केली, तर ती फसते.